पर्जन्यमापन, रडारद्वारे

हवामान रडारने वातावरणात सोडलेल्या सूक्ष्मतरंगांपैकी जो अंश पावसाच्या थेंबांवरून परावर्तित होऊन परत येतो, त्याच्या शक्तीवरून विस्तृत प्रदेशावरील पर्जन्याचा दर व पर्जन्यराशी यांचे अनुमान करण्याची पद्धत. पर्जन्यमापक पात्रात पडलेले पाणी प्रत्यक्ष मोजतो. रडार मात्र पाणी मोजत नाही, तर थेंबांनी परत पाठविलेली शक्ती मोजते. या दोन राशींमधील संबंध नेहमी एकच राहत नाही. त्यामुळे रडारवरून मिळणारा आकडा हा मुळात अंदाज असतो व तो अनेक शोधनांनंतरच विश्वसनीय ठरतो. ही शोधने कोणती व ती सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेशात विशेष अवघड का ठरतात, याचे विवेचन या नोंदीत केले आहे.

आवश्यकता : सर्वसाधारण पर्जन्यमापकाच्या मुखाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असते. अशा एका मापकाची नोंद १ चौ. किमी. क्षेत्राची म्हणून स्वीकारली, तर ५ कोटी पट मोठ्या क्षेत्राचा पाऊस एका पात्रावरून ठरविला, असा त्याचा अर्थ होतो. संथ व सर्वदूर पावसात यामुळे फारसे बिघडत नाही. तथापि उंच वाढलेल्या गर्जन्मेघांचा पाऊस काही किमी. अंतरातच बदलतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर सु. २५ किमी. अंतरावरील कुलाबा येथे केवळ ७३ मिमी. नोंद झाली. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते व दोन वेधशाळांच्या दरम्यान प्रत्येक क्षणी कोठे किती पाऊस पडत आहे, हे कळण्याचे साधन अपुरे होते. अशी पोकळी रडार भरून काढू शकते. एकाच ठिकाणाहून शंभरसव्वाशे किमी. त्रिज्येच्या प्रदेशातील पावसाची मांडणी ते दर काही मिनिटांनी दाखविते.

मूलतत्त्व : रडारचा आकाशक (अँटेना) अरुंद शलाकेच्या रूपाने सूक्ष्मतरंगांचे स्पंद सोडतो. स्पंद परत येण्यास लागलेल्या वेळावरून थेंबांचे अंतर, आकाशकाच्या रोखावरून दिशा आणि परत आलेल्या शक्तीवरून परावर्तनीयता काढली जाते. तरंगलांबीच्या मानाने थेंब लहान असल्यास परावर्तनीयता ही एक घनमीटर हवेतील सर्व थेंबांच्या व्यासांच्या सहाव्या घातांच्या बेरजेइतकी असते. थेंबातील पाणी मात्र व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. अडचणीचे मूळ या फरकात आहे. ३ मिमी. व्यासाचा एक थेंब १ मिमी. व्यासाच्या ७२९ थेंबांइतकी शक्ती परत पाठवितो. परंतु त्या ७२९ लहान थेंबांत मोठ्या थेंबाच्या २७ पट पाणी असते. अर्थात थेंबांच्या आकारमानांची वाटणी ठाऊक नसताना केवळ शक्तीवरून पाण्याचे प्रमाण निश्चित करता येत नाही.

ही वाटणी सरासरीने गृहीत धरून परावर्तनीयता व पर्जन्यदर यांच्यात घातसंबंध मांडतात. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जे. एस. मार्शल व डब्ल्यू. एम. पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या वाटणीविषयी केलेल्या कार्यातून पुढील सूत्र रूढ झाले : परावर्तनीयता = २०० × (पर्जन्यदर)^१·६. येथे पर्जन्यदर मिमी. प्रती तास या एककात घेतात. उष्ण कटिबंधातील लहान व विपुल थेंबांच्या पावसासाठी अमेरिकेत २५० हा गुणक व १·२ हा घातांक वापरतात. परावर्तनीयता ४० डेसिबेल आढळल्यास पहिल्या सूत्राने पाऊस ताशी सु. १२ मिमी. येतो, तर दुसऱ्याने सु. २२ मिमी. येतो. ४५ डेसिबेलला हेच आकडे अनुक्रमे सु. २४ व ५६ मिमी. होतात. संकेत एकच असूनही केवळ सूत्राच्या निवडीने उत्तर दुपटीहून अधिक बदलते.

ऐतिहासिक विकास : दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाचे संकेत दिसू लागले व प्रारंभी तो एक उपद्रवच समजला गेला. युद्धानंतर त्याच संकेतांचा वातावरणविज्ञानात उपयोग होऊ लागला. भारतात वादळशोधक रडार प्रथम कोलकात्यानजीकच्या डमडम विमानतळावर १९५४ मध्ये बसविण्यात आले. किनाऱ्यावरील पहिले चक्रीवादळशोधक रडार विशाखापटनम येथे १९७० मध्ये कार्यान्वित झाले. थेंबांची रडारच्या दिशेने वा रडारपासून दूर जाण्याची गतीही मोजणारे पहिले डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नई येथे आले. मुंबईत कुलाबा येथे असे रडार २०१० मध्ये, तर वेरावली येथे दुसरे रडार २०२२ मध्ये सुरू झाले. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (स्थापना १९६२) सातारा जिल्ह्यातील मांढरदेव व सोलापूर येथे संशोधनासाठी रडार चालविले असून महाबळेश्वर येथील तिच्या मेघभौतिकी प्रयोगशाळेत थेंबांचे आकारमान मोजण्याची उपकरणे वापरली जातात. घाटमाथ्यावरील पावसासाठी सूत्रातील स्थिरांक ठरविण्यास अशा मापनांचा आधार लागतो.

त्रुटींची कारणे व त्यांचे शोधन : त्रुटी एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणून त्या ठराविक क्रमाने दूर कराव्या लागतात. आधीच्या पायरीवर राहिलेला दोष पुढील सर्व पायऱ्यांत उतरतो.

(१) अंशशोधन : प्रेषकाची शक्ती, ग्राहीची संवेदनशीलता व आकाशकाचे वर्धन ही कालांतराने बदलतात. मार्शल-पामर सूत्रानुसार १ डेसिबेलची चूक पर्जन्यदरात सु. १५ टक्के चूक घडविते. संकेत ३ डेसिबेलने कमी दाखविला गेल्यास पाऊस प्रत्यक्षाच्या सु. ६५ टक्केच येतो. यासाठी ज्ञात शक्तीचा चाचणी संकेत, सूर्याकडून येणारे सूक्ष्मतरंग प्रारण आणि शेजारच्या रडारची समान क्षेत्रावरील वाचने यांच्याशी नियमित तुलना करतात.

(२) पर्जन्येतर संकेत : डोंगर, उंच इमारती, पक्षी व कीटक यांच्यावरूनही तरंग परावर्तित होतात. जमिनीलगत थंड व वर उष्ण हवा असल्यास शलाका खाली वाकते आणि एरवी न दिसणारी जमीन पडद्यावर पावसासारखी उमटते. ५ सेंमी. तरंगलांबीच्या रडारला बिनतारी संगणक जाळ्यांच्या प्रेषणाचाही अडथळा होतो. स्थिर वस्तूंचा वेग शून्य असल्याने डॉप्लर मापनाने त्यांचे संकेत बरेचसे गाळता येतात. मात्र तसे करताना संथ गतीने सरकणारा पाऊसही गाळला जाण्याचा धोका असतो.

(३) शलाकेचा अवरोध : वाटेतील डोंगर शलाकेचा काही भाग अडवितो व त्यामागील सर्व पाऊस कमी दिसतो. अंकीय उंची-नकाशावरून प्रत्येक दिशेला व अंतराला किती अंश अडतो हे काढून तेवढी भर घालतात. निम्मी शक्ती अडल्यास ३ डेसिबेलची भर पुरते. परंतु जवळजवळ सर्व शलाका अडल्यास भर घालण्याजोगे काही उरतच नाही व वरच्या कोनातील किंवा दुसऱ्या रडारचे वाचन घ्यावे लागते.

(४) उंचीनुसार होणारा बदल : पृथ्वीच्या वक्रतेमुळे व उन्नतांशामुळे अंतराबरोबर शलाका जमिनीपासून उंच जाते. ०·५° उन्नतांशाला तिचा मध्य १०० किमी. अंतरावर सु. १·५ किमी., तर २०० किमी. अंतरावर सु. ४ किमी. उंचीवर असतो. १° रुंदीची शलाका १०० किमी. वर सु. १·७५ किमी. जाड होते. पावसाळ्यात महाराष्ट्रावर हिमरेषा सु. ५ किमी. उंचीवर असते. तिच्या किंचित खाली वितळणाऱ्या हिमकणांवर पाण्याचे आवरण आल्याने ते मोठ्या थेंबांसारखे भासतात व परावर्तनीयतेचा एक तेजस्वी पट्टा निर्माण होतो. शलाका या पट्ट्यातून गेल्यास पाऊस अवास्तव वाढतो आणि त्याच्या वरून गेल्यास घटतो. विविध उन्नतांशांच्या वाचनांवरून परावर्तनीयतेचा ऊर्ध्व आलेख तयार करून वरचे मूल्य जमिनीलगतच्या मूल्यात रूपांतरित करतात.

(५) क्षीणन : मुसळधार पावसातून जाताना तरंगांची शक्ती घटते व पलीकडचा पाऊस लपतो. १० सेंमी. तरंगलांबीला हा परिणाम नगण्य, ५ सेंमी. ला लक्षणीय व ३ सेंमी. ला तीव्र असतो. लहान तरंगलांबीची रडार आटोपशीर व स्वस्त असतात, त्यामुळे सोय व अचूकता यांत तडजोड करावी लागते.

(६) कालांतर : संपूर्ण परिभ्रमणास १० मिनिटे लागत असल्यास ताशी ३६ किमी. वेगाने सरकणारा मेघ दोन वाचनांच्या दरम्यान ६ किमी. पुढे जातो. केवळ दोन्ही वाचनांची बेरीज केल्यास नकाशावर पावसाचे तुटक ठिपके उमटतात व मधले क्षेत्र कोरडे भासते. मेघाची गती काढून मधल्या प्रत्येक मिनिटाची स्थिती भरून घेतल्यास हा दोष कमी होतो.

द्विध्रुवण : पडणारा मोठा थेंब हवेच्या विरोधामुळे खालून चपटा होतो. म्हणून क्षितिजसमांतर व ऊर्ध्व अशा दोन्ही ध्रुवणांचे तरंग सोडल्यास त्यांच्या परावर्तनातील फरकावरून थेंबांचा सरासरी आकार कळतो. ही कल्पना टी. ए. सेलिगा व व्ही. एन. ब्रिंगी यांनी १९७६ मध्ये मांडली. दोन ध्रुवणांच्या तरंगांमध्ये अंतराबरोबर पडत जाणारा कलाभेद त्याहूनही उपयुक्त आहे. तो शक्तीवर अवलंबून नसल्याने अंशशोधनातील चूक, क्षीणन व अंशतः अवरोध यांचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. मुसळधार पावसात या कलाभेदावरून काढलेला दर परावर्तनीयतेवरून काढलेल्या दरापेक्षा सामान्यतः अधिक खात्रीचा असतो. हलक्या पावसात मात्र कलाभेद इतका अल्प असतो की, त्याचा उपयोग होत नाही. गारा, वितळते हिम व पक्षी ओळखण्यासही द्विध्रुवण साहाय्यभूत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय जाळ्यातील रडार २०११ ते २०१३ या काळात द्विध्रुवित करण्यात आली.

रडारांचे जाळे : एका रडारच्या मर्यादा शेजारचे रडार भरून काढते. समान क्षेत्रावरील अनेक वाचने एकत्र करताना सर्वांत मोठे मूल्य घेण्याची प्रथा सोपी आहे. परंतु तीत वितळत्या हिमाचे व खोटे संकेत हटकून निवडले जातात. त्याऐवजी जे रडार त्या स्थानी जमिनीच्या अधिक जवळ पाहते, ज्याच्या वाटेत अवरोध व क्षीणन कमी आहे, त्याच्या वाचनास अधिक भार देतात. जोडण्यापूर्वी रडारांचे अंशशोधन परस्परांशी जुळविणे अत्यावश्यक असते, अन्यथा दोन रडारांच्या सीमेवर नकाशात पावसाची कृत्रिम कड दिसते. यूरोपातील राष्ट्रांनी ‘ऑपेरा’ कार्यक्रमाद्वारे आपल्या रडारांची वाचने एकत्रित केली आहेत. अमेरिकेतील एका प्रयोगात मोठ्या रडारांच्या शलाकेखाली राहणारा थर पाहण्यासाठी ३ सेंमी. तरंगलांबीची लहान रडार जवळजवळ बसविण्यात आली.

पर्जन्यमापकांशी सांगड : वरील सर्व शोधनांनंतरही राहणारी त्रुटी जमिनीवरील मापकांच्या साहाय्याने कमी करतात. समजा, एका तासात १२ मापकांची एकूण नोंद २४० मिमी. आहे व त्याच स्थानांवर रडारचा एकूण अंदाज १५० मिमी. आहे. तर १·६ हा गुणक सर्व नकाशास लावता येतो. ही पद्धत सोपी व स्थिर असली, तरी सर्वत्र त्रुटी सारखीच आहे असे ती गृहीत धरते. डोंगराळ प्रदेशात ते खरे नसते. म्हणून प्रत्येक मापकाजवळ वेगळा गुणक काढून अंतरानुसार तो पसरवितात किंवा भूसांख्यिकीय पद्धतीने मापकांची मूल्ये प्रमाण मानून रडारच्या नकाशावरून केवळ मधल्या जागेतील मांडणी घेतात.

या सांगडीत मापकही निर्दोष मानता येत नाही. वाऱ्यामुळे काही थेंब पात्राबाहेर जातात. कलत्या पात्राचा स्वयंचलित मापक अतिवृष्टीत कमी मोजतो. पात्रात पाने अडकतात किंवा शेजारी झाड वा भिंत वाढते. सदोष मापकाशी जुळविलेले रडार मुळापेक्षा बिघडते. म्हणून प्रत्येक नोंद शेजारच्या मापकांशी व रडारच्या मांडणीशी ताडून पाहतात. अंतिम अचूकता तपासताना काही मापक हेतुपुरस्सर गणनेतून वगळून त्यांच्या जागी आलेला अंदाज त्यांच्या नोंदीशी तुलितात. जुळवणीस वापरलेल्या मापकांवरच तपासणी केल्यास ती फसवी ठरते.

सह्याद्री व पुणे परिसर : रडार पर्जन्यमापनाच्या अडचणी एकत्रितपणे दिसणारा प्रदेश म्हणून सह्याद्रीच्या पूर्व उताराचा निर्देश करता येईल. लोणावळ्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ४,००० मिमी. हून अधिक असून तेथून सरळ रेषेत सु. ५० किमी. वरील पुण्याचे ७०० ते ७५० मिमी. आहे. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत पुण्यातील शिवाजीनगर येथे सु. ११४ मिमी., तर सु. ४५ किमी. पश्चिमेस ताम्हिणी येथे ५५० मिमी. हून अधिक पाऊस झाला. खडकवासला धरणातून पाणी सोडावे लागून मुठा नदीकाठच्या वस्त्यांत ते शिरले. धरणातून केव्हा व किती पाणी सोडावे, हा निर्णय शहरातील मापकावर नव्हे, तर घाटमाथ्याकडील पाणलोटात पडलेल्या पावसावर अवलंबून असतो.

पुण्याच्या पश्चिमेस मुळा नदीच्या खोऱ्यातील हिंजवडी हे गाव या दोन टोकांच्या मध्ये येते. माहिती तंत्रज्ञान संकुलामुळे तेथील शेतजमिनीची जागा रस्ते, फरसबंदी व इमारती यांनी घेतली असून पडलेले पाणी जिरण्याऐवजी थोड्या वेळात ओढ्यांकडे धावते. जून २०२५ मध्ये जोरदार पावसानंतर संकुलातील रस्ते जलमय झाले. अशा लहान पाणलोटात दिवसाची पर्जन्यराशी जाणून उपयोग होत नाही. पंधरा मिनिटांतील पाऊस व तोही काही चौ. किमी. क्षेत्रापुरता कळावा लागतो.

कुलाब्यापासून हिंजवडी सु. १०४ किमी. आहे. तेथील रडारची ०·५° उन्नतांशाची शलाका हिंजवडीवर पोहोचते, तेव्हा तिचा मध्य आकाशकाच्या पातळीपासून सु. १·५ किमी. उंचीवर असतो. तत्पूर्वी सु. ७० ते ७५ किमी. वर तिला सह्याद्री ओलांडावा लागतो. तेथे शलाकेचा मध्य सु. ०·९५ किमी. व खालची कड सु. ०·३ किमी. उंचीवर असते. याच पट्ट्यात असलेल्या लोहगड, विसापूर व तुंग यांची उंची १ किमी. हून थोडी अधिक आहे. त्यामुळे काही दिशांना शलाकेचा मोठा भाग डोंगर अडवितात व त्यांच्या पूर्वेकडील पाऊस कमी दिसणे स्वाभाविक ठरते. उन्नतांश वाढविल्यास अवरोध टळतो. परंतु शलाका आणखी उंच जाते. घाटमाथ्यावरील मोसमी ढग पुष्कळदा उथळ असतात व आर्द्र वारे डोंगरावर चढताना खालच्या थरातच थेंब वाढत जातात. ही वाढ उंच शलाकेच्या खाली घडत असल्याने अवरोध नसतानाही रडारला दिसत नाही.

मांढरदेवसारख्या सु. १·३ किमी. उंचीच्या पठारावरून दृष्टीचा आवाका मोकळा मिळतो. मात्र तेथील शलाका मुळातच उंचावरून निघते. सु. ६२ किमी. वरील हिंजवडीवर ०·५° उन्नतांशाला ती समुद्रसपाटीपासून सु. २ किमी., म्हणजे गावाच्या भूपृष्ठापासून सु. १·५ किमी. उंचीवर जाते. तेथील रडारची तरंगलांबी ३ सेंमी. असल्याने वाटेतील अतिवृष्टीत क्षीणनही होते. यावरून असे दिसून येते की, या प्रदेशात मुख्य प्रश्न सूत्रातील स्थिरांकांचा नसून शलाकेच्या उंचीचा आहे. सूत्र कितीही काटेकोर केले, तरी न पाहिलेल्या थरातील पाऊस त्यातून निघू शकत नाही. त्यावर उपाय दोनच : पूर्वेकडील मैदानातून घाटाकडे कमी उन्नतांशाने पाहणारे रडार आणि घाटमाथा, उतार व मैदान या प्रत्येक पट्ट्यात पुरेसे स्वयंचलित मापक. गुणकही या तिन्ही पट्ट्यांसाठी वेगळे काढावे लागतात. ताम्हिणीच्या नोंदीवरून काढलेला गुणक हिंजवडीस लावल्यास नसलेला पूर कागदावर उभा राहील आणि शिवाजीनगरचा गुणक घाटास लावल्यास असलेला पूर झाकला जाईल.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. मुंबई महानगरपालिकेनेही २००५ नंतर शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे निर्माण केले. निरनिराळ्या यंत्रणांची ही मापके एकाच वेळमापनाने, थोड्या मिनिटांच्या अंतराने व तपासून रडारच्या गणनेस मिळाली, तर नव्या रडारइतकाच लाभ त्यांपासून होऊ शकतो.

उपयोग व मर्यादा : शोधित पर्जन्य-नकाशांचा उपयोग शहरी पुराची पूर्वसूचना, धरणांतील आवक काढणे, दरडप्रवण उतारांवरील दक्षता, पीकविमा व नजीकच्या एकदोन तासांचे पर्जन्यानुमान यांसाठी होतो. उपयोगानुसार अचूकतेची कसोटी बदलते. मोठ्या धरणाच्या पाणलोटात लहान जागांच्या अधिकउण्या चुका परस्परांना छेद देतात व एकूण राशी समाधानकारक मिळते. नागरी ओढ्याच्या बाबतीत अशी भरपाई होत नाही. त्यामुळे अलीकडे एकच आकडा देण्याऐवजी त्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता दर्शविणाऱ्या अनेक संभाव्य नकाशांचा संच देण्याकडे कल आहे. कोणत्या क्षेत्रावर रडारची दृष्टी पोहोचत नाही, हेही नकाशावर स्पष्ट दाखविणे अगत्याचे असते; कारण न दिसलेला पाऊस व न पडलेला पाऊस हे दोन्ही पडद्यावर सारखेच रिकामे दिसतात.